रिकाम्या सालांखाली

वाफ्यात बोटभर खणलं आणि हाती लागली नुसती सालं. तपकिरी, पातळ, फुंकली तर उडतील अशी. कंद एकही नाही!

तीन वर्षांपूर्वी गावावरच्या उतारावर पिवळ्या ट्युलिपची शेवटची दोन-चार झाडं उरली होती. त्यांचं बी शाळेतल्या गुलझात बाईंनी माझ्या हाती दिलं. पुढच्याच वर्षी दरड कोसळली आणि तो उतारच गेला. म्हणजे आमचा ट्युलिप उरला असेल, तर तो फक्त माझ्या या वाफ्यात. दर वसंतात गवताच्या पात्यासारखं एकेक पान यायचं, वाळून जायचं. फुलाला अजून वेळ होता. म्हणून थंडीआधी कंद किती वाढलेत ते बघायला गेले, तर हे.

आपा, म्हणजे माझी आई, लसणाच्या पाकळ्यांचं घमेलं घेऊन उभीच होती. उंदरांनी खाल्ले असतील, आता वाफा मोकळा कर, बर्फाआधी लसूण लावायला हवा, असं तिचं म्हणणं. भिंतीवर बसून चहा पिणाऱ्या झानिबेक मामाला तर आयतंच सापडलं.

"भाचीबाई, आता उंदरांनाच पाणी घाला. वसंतात त्यांनाच पिवळी फुलं येतील."

मी रडणारच होते, पण सालांकडे नीट पाहिलं. एकावरही दाताची खूण नव्हती. उंदीर कधीपासून साल तसंच ठेवून आतलं खायला लागले? आणि प्रत्येक सालाच्या बुडाला एक वाळका पांढरा दोरा होता. तो सरळ खाली मातीत जात होता.

मला उन्हाळ्यातलं कुरण आठवलं. तिथे सुगुर, म्हणजे डोंगरातल्या मोठ्या जाड खारी, खोल बिळं उकरतात. त्यांनी बाहेर फेकलेल्या मातीत मी कंद पाहिले होते. वरच्या मातीत नाही, खालच्या!

खुरपं टाकलं आणि बोटांनीच माती उकरू लागले. दोऱ्यामागे दोऱ्यामागे, वीतभर खाली. आणि तिथे, शेंगदाण्याएवढा, गोरापान, टणक! मग दुसरा. मग तिसरा. थंडीला घाबरून सगळे आपले आपणच खाली उतरले होते!

मामा भिंतीवरून उतरला. गुडघे टेकून त्याने एक कंद बोटाने हळूच दाबून पाहिला.

"मग मी लसूण कुठं लावू?" आपाने विचारलं.

"मामाच्या अंगणात," मी म्हणाले. "तिथे उंदीरही आहेत."

आपा हसली आणि घमेलं घेऊन त्याच्या फाटकाकडे निघाली. मी प्रत्येक कंदावर माती परत सारली, अगदी होती तेवढीच.