उसना आवाज

जर्मनीतल्या एल्बे नदीकाठच्या त्या गावात जर्मन ऑपेरा मूळ भाषेतच व्हायचा, दोन गाण्यांच्या मधले संवादसुद्धा. त्यातली गायिका एटेरी मूळची जॉर्जिया देशाची. दिग्दर्शक क्वांट तिला म्हणाला, "गाणी तुम्ही गा. संवाद मी एका जर्मन नटीच्या आवाजात रेकॉर्ड करून घेतलेत. तुम्ही नुसते ओठ हलवा. तुमचे उच्चार लोकांना कळणार नाहीत."

"कळणार नाहीत?" एटेरी उसळली. "याच भाषेत मी नवऱ्याशी भांडले, याच भाषेत त्याला सोडलं. त्याला बरोब्बर कळलं! आणि हा हॉर्स्ट? याचं इथल्या सॅक्सन बोलीतलं बोलणं बर्लिनवाल्यांच्या बापाला कळत नाही. त्याच्यासाठी कोण नट आणलाय?"

"खरंय बाईचं," तिच्याबरोबर गाणारा जाडजूड हॉर्स्ट हसत म्हणाला.

पहिल्या प्रयोगात तिचं गाणं संपलं आणि स्पीकरमधून नटीचा गोड आवाज आला. एटेरीने सरळ स्वतःची वाक्यं म्हणायला सुरुवात केली. अख्ख्या वाद्यवृंदाला पुरून उरणारा गळा तो, त्याच्यापुढे स्पीकरची काय टाप! हॉर्स्टनेही तिला अस्सल सॅक्सनमध्ये ठणकावून उत्तर दिलं. शेवटी यंत्रावरच्या माणसाने रेकॉर्डिंग मुकाट बंद केलं. तिच्या विनोदांवर लोक खदखदून हसले.

शेवटी गायकांवर टाळ्यांचा पाऊस पडला. मग रिवाजाप्रमाणे दिग्दर्शक वाकून नमस्कार करायला पुढे आला, आणि रिवाजाप्रमाणेच, काम न आवडलेल्या लोकांनी त्याची मनसोक्त हुर्यो उडवली.

एटेरी हसऱ्या चेहऱ्याने त्याच्या कानाशी वाकली.

"काय म्हणतायत ते कळलं ना? की नटीला बोलावू?"