पाहुणा उभा राहिला तो दिवस

मित्रांनो, महाडच्या डेपोत शिरलात की मागच्या कोपऱ्यात, झिजलेल्या टायरांच्या ढिगाशेजारी एक लाल एसटी दिसेल. एक दिवा फुटलेला, पत्रा जागोजागी चेपलेला. तीच मी. पण चुकचुकू नका हं, मला नाही आवडत! माझ्या आयुष्यात एक सकाळ अशी येऊन गेली आहे, की नुसती आठवली तरी अजून माझ्या गंजलेल्या नटबोल्टांना गुदगुल्या होतात. तीच सांगते, ऐका.

माझी बांधणी झाली पुण्याजवळ दापोडीला, एकोणीसशे त्र्याण्णव साली. महाडला आले तेव्हा माझा रंग असा लखलखीत, की सगळे वळून वळून बघायचे. मला वाटलं, आता आपल्याला हमरस्ता मिळणार, कशेडीचा घाट मिळणार, आपला थाट काय विचारता! मिळालं काय? महाड–पोलादपूर–आंबेमाची. संध्याकाळी डोंगरावरच्या वाडीत जायचं, तिथंच मुक्काम करायचा, सकाळी खाली यायचं. वस्तीची गाडी म्हणतात आम्हाला. शेवटचे दोन कोस रस्ता कसला, नुसते दगडधोंडे! माझं तोंड एवढंसं झालं.

पण पहिल्या दिवशी आंबेमाचीत चाक टेकलं आणि अहाहा! अख्खी वाडी रस्त्यावर. पोरं नाचतायत, म्हातारे माझ्या पत्र्यावरून हात फिरवतायत. सगुणाबाई नावाची एक बाई पुढे आली. घरी दोन म्हशी, डोंगरउतारावर नाचणीची शेती, आणि वाडीत तिचा शब्द म्हणजे शेवटचा. तिनं माझ्या दोन्ही दिव्यांना हळदकुंकू लावलं.

"पाव्हणी आली गो आपल्याकडं," ती बायकांना म्हणाली. "सरा जरा, तिला जागा द्या."

या वाडीचा रिवाजच तसा. पाहुणा घरात शिरला की घरच्यांनी उठून उभं राहायचं. तो ऐसपैस बसल्याशिवाय कुणी टेकायचं नाही. मित्रांनो, हा रिवाज लक्षात ठेवा, पुढे यानंच घोळ घातला.

मग काय, माझे दिवस सुरू झाले. ड्रायव्हर महिपत आणि कंडक्टर पांडू, वाडीचा पांडूमामा, यांना रोज एकेका घरातून भाकरी यायची. माझ्यातून भाताची पोती गेली, कोंबड्या गेल्या, नवऱ्या मुली रडत खाली गेल्या आणि हसत माहेरपणाला वर आल्या. एका बाळंतिणीला महिपतनं असं अलगद खाली नेलं, की तिच्या उशाचा तांब्यासुद्धा हिंदकळला नाही. आणि पोलादपूरच्या हायस्कुलात जाणाऱ्या मुली तर माझा जीव की प्राण. पाढे काय, गाणी काय, भांडणं काय! मी पन्नास माणसं एका इंजिनावर ओढायची आणि वर कुरकुर म्हणून करायची नाही. बरं, थोडी करायची. चढावर.

दोन हजार एक साल उजाडलं आणि सगुणाबाईचा नातू किशोर मुंबईहून परतला तो मोटारसायकलवर बसूनच.

"आजे, त्या डबड्यात कोण बसतंय आता? आपल्याकडं मशीन हाय, फुल स्पीड!"

डबडं! मला! माझं इंजिन बंद होतं म्हणून, नाहीतर असा धूर सोडला असता त्याच्या तोंडावर! पण त्याचं बघून दुसऱ्यानं मोटारसायकल घेतली, मग तिसऱ्यानं. सकाळी माझ्या पुढेमागे फटफट्या. जिथं मी एकटी सगळ्यांना न्यायची, तिथं एकेका माणसामागे एकेक इंजिन, एकेका इंजिनामागे धूर आणि धुरळा. आणि मी? पंधरा-सोळा माणसं घेऊन खडखडत जायची. रिकाम्या गाडीचा आवाज फार होतो, मित्रांनो. मला माझीच लाज वाटायची.

एका संध्याकाळी पांडूमामा सगुणाबाईला म्हणाला, "आजी, सोमवारी डेपोचे साहेब येणार आहेत गाडी बघायला. जरा लक्ष असू द्या." झालं! साहेब माणसं मोजायला येणार, हे काही त्यानं सांगितलं नाही. त्याला वाटलं, एवढं तर कुणालाही कळेल.

सोमवारी सकाळी साहेब वाडीत पोचले आणि बघतात तर काय! म्हशीला नदीवर नेऊन घासावं तसं मला घासूनपुसून धुतलेलं. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. पहिल्या बाकावर नवी घोंगडी. आणि सगळी वाडी, शाळेच्या मुलींसकट, रस्त्याच्या कडेला हात जोडून उभी.

"बसा साहेब, ऐसपैस बसा!" सगुणाबाई म्हणाली. "आमच्या गर्दीचा तरास नको तुमाला. आमी आज चालत जाऊ."

पांडूमामानं कपाळावर हात मारला. वाटेतल्या वाड्यांनी तर गाडीची सवय केव्हाच सोडलेली; अख्ख्या गाडीत साहेब आणि एक आंधळे आजोबा. पोलादपूर येईपर्यंत साहेबांनी वहीत जे लिहिलं ते मला दिसत होतं: प्रवासी, एक.

उतरताना साहेब पांडूमामाला म्हणाले, "माणसं चांगली आहेत हो. पण गाडी माणसांनी चालते, तोरणांनी नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा मोजीन. निम्मी तरी भरली पाहिजे. नाहीतर ही फेरी बंद."

बंद! ऐकून माझे ब्रेक गार पडले. संध्याकाळी पांडूमामानं वाडीला सगळं सांगितलं, तेव्हा सगुणाबाईनं आपल्याच हातानं माझं तोरण उतरवलं. "माझ्याच तोंडानं मी गाडी घालवली गो," ती म्हणाली.

किशोर म्हणाला, "कशाला घाबरतेस आजे? संजीला मी सोडीन की रोज."

संजीवनी त्याची धाकटी बहीण, दहावीतली. ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली. "मला सोडशील रे दादा. बाकीच्या अकराजणींना कोण सोडंल? त्यांची शाळा सुटली तर मी एकटी जाऊ का तुझ्या मागं बसून?"

किशोर उठला. किल्ली बोटात फिरवत निघून गेला.

पुढचा सोमवार! रविवारी रात्रीच साहेब माझ्याबरोबर वर मुक्कामाला आले. उजाडायच्या आत किशोरची फटफटी भुर्रकन खाली गेली. मागोमाग आणखी चार गेल्या. दगाबाज! आजच्या दिवशीसुद्धा! संतापानं माझी काच थरथरली. दाट धुकं पडलेलं. वाडीतून बारा मुली, सगुणाबाई आणि तिच्या बरोबरीच्या चार बायका, एवढीच माणसं चढली. सतरा. साहेब पहिल्या बाकावर, मांडीवर वही. महिपतनं जड हातानं स्टार्टर मारला.

पहिलं वळण घेतलं आणि धुक्यातून एक हात वर आला. मग दुसरा. मग तिसरा! खालच्या वाडीची सात माणसं रस्त्यावर उभी! पांडूमामानं घंटीची दोरी अशी ओढली, की तुटायचीच बाकी. पुढच्या थांब्यावर नऊ. त्याच्या पुढं बाजाराला निघालेल्या अकरा बायका, टोपल्यांसकट! "ते मोटारसायकलवालं पोर पहाटंच दार ठोठावून गेलं," एकीनं सांगितलं. "म्हनलं, काकी, आज गाडीनंच चला, नायतर पोरींची शाळा जाईल."

आणि खिंडीतल्या आंब्याखाली बघते तर पाच फटफट्या ओळीनं लावलेल्या! समोर किशोर आणि त्याचे दोस्त, हात वर करून उभे. अरे माझ्या राजा! मी थांबायच्या आधीच ते चढले.

"डबड्यात बसतोस का रे?" पांडूमामानं विचारलं.

"उभा राहतो मामा," किशोर लाजून म्हणाला. "बसाया जागा कुठं हाय?"

खरंच नव्हती! बाकांवरच्या चव्वेचाळीस जागा गच्च, मधली वाट भरलेली, दारात टोपल्या. मी ओरडत होते, डुलत होते, चढ असो की उतार, मला काही कळत नव्हतं. साहेब मोजत होते, चुकत होते, पुन्हा मोजत होते. शेवटच्या थांब्यावर एक म्हातारी काठी टेकत चढली. साहेब चटकन उठले, तिला आपल्या जागेवर बसवलं आणि वरची दांडी धरून उभे राहिले.

सगुणाबाईचा जीव कासावीस झाला. "अगो बाई! पाव्हणा उभा आणि आमी बसलेलो! उठा गो, उठा!"

"बसा आजी," साहेब हसले. धक्क्यानं त्यांची वही केव्हाच खाली पडली होती. "आज पाहुणा उभा आहे, म्हणून गाडी राहिली."

अख्खी गाडी एकदम ओरडली. मी तर पोलादपूरपर्यंत हॉर्न वाजवत गेले. महिपत म्हणतो, मी नाही वाजवला. मग कुणी वाजवला?

आता माझी धाव संपली. वाडीला नवी गाडी जाते. रोज सकाळी ती डेपोत शिरली की मी एकच गोष्ट बघते: आत कुणी उभं आहे का? मित्रांनो, कधी एसटीत जागा मिळाली नाही तर कुरकुरू नका. दांडी घट्ट धरा आणि वाकून बाकांकडं बघा. त्यांत कुणाची तरी शाळा बसलेली असते.

काल नवी गाडी आली. एकोणीस जण उभे होते.