झेंड्यांच्या बाहेर

साहेब, तुम्ही कमळाकाकीला खोडलंत. लाल पेनाने, माझ्यासमोर, चहा पीत.

वर्ष संपताना प्रत्येक जीवरक्षकाने आपली कामगिरी एका पानावर लिहायची आणि एकतीस डिसेंबरला किनाऱ्यावरच्या मंडपात वाचायची, ही तुमचीच टूम. "लाजू नकोस उमेर, वर्षातून एकदा आपली पाठ आपणच थोपटायची." मी लिहिलं, चौदा वाचवले, एक गेली, कमळा. तुम्ही म्हणालात, "ती पर्यटक नव्हती. झेंड्यांच्या आत नव्हती. इथं तिचं काय काम?"

घरी माझी बायको महरीन म्हणाली, "शिल्ड मिळणार म्हणे! शोकेसमधल्या बशा काढू काय?" मी पान घडी करून खिशात घातलं. "चौदा जीव वाचवलेत आणि तोंड असं, जसे काय बुडवलेत." काकीचं खरं काय ते महरीनला ठाऊक नव्हतं.

कमळाकाकी सुकती लागली, पाणी ओसरलं, की खाडीच्या तोंडाशी वाळूतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला यायची. "मेल्या उमेर, शिटी कमी फुंक, माझ्या तिसऱ्या भितात." मे महिन्यातल्या त्या दुपारी भरतीचं पाणी अचानक आत शिरलं आणि तिच्या पायाखालची वाळू गेली. नेमका त्याच वेळी पोहायच्या हद्दीच्या दोन झेंड्यांच्या मधे एक पाहुणा मोबाईल वर धरून गटांगळ्या खात होता. तो 'वाचवा' ओरडत होता. काकी 'उमेर' ओरडत होती. झेंडे सोडून बाहेर गेलास तर उद्यापासून येऊ नकोस, हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलेलं. तो पाहुणा कमरेएवढ्या पाण्यात होता हो. हाताला धरून कुणीही उभा केला असता.

मी त्याच्याकडे गेलो. माझ्या यादीतला चौदावा तो.

तेव्हापासून सुकती लागली की खाडीकडून माझं नाव येतं. वारा पडलेला असला तरी येतं. कानात कापूस घातला, तर कापसाच्या आतून येतं. शिटी फुंकली, तर शिटी संपायची वाट बघतं आणि मग येतं.

एकतीसला संध्याकाळी फुगे, मंडप, माईक. तुम्ही 'मृत्यू शून्य' म्हणालात, टाळ्या पडल्या. मी पान वाचायला घेतलं. समोर पाणी ओसरत होतं. अकराव्यावर आलो आणि हाक आली. पुढे वाचवेना.

जेवणाच्या स्टॉलवर काकीची लेक मनिषा भाकऱ्या भाजत होती. ती पिठाच्या हातांनी तशीच पुढे आली.

"उमेरदादा, एकच सांग. आईनं तुला हाक मारली होती काय रे?"

तुम्ही माईक ओढून घेतलात. "ताई, आज आनंदाचा दिवस आहे."

"तुम्हाला नाय विचारलं."

सात महिने मी तिला सांगत आलो होतो, लाटांत काही ऐकू आलं नाही. या वेळी म्हणालो, "मारली. तीनदा. माझं नाव घेऊन."

मागे तव्यावर भाकरी करपत होती, ती उलटायला कोणी गेलं नाही. मी शिल्ड न घेता खाली उतरलो.

माझं पाप मी तुमच्यावर ढकलत नाही. भ्यालो मी, पाय माझेच वळले. पण आता पाळी तुमची. मी त्या पाहुण्याला सोडून काकीकडे धावलो असतो, तर दुसऱ्या दिवशी मला कामावर ठेवलं असतंत काय? कागद पाठवू नका. रत्नागिरीहून गाडी काढा, मनिषाच्या दारात उभे राहा आणि तोंडाने सांगा. हो की नाही?