बरणीतलं पाणी

नवनाथच्या बोटांतून तो काळा माईक दुसऱ्यांदा निसटला आणि आईच्या मांडीवर पडला. वस्तू शेंगदाण्याएवढी, पण झुंबरबाईने ती विंचू झटकावा तशी झटकली.

"पदर गुळगुळीत आहे गं तुझा," तो म्हणाला.

"नव्वद वेळा धुतलेलं पातळ हाय, गुळगुळीत असंल नायतर काय. प्रतिभे, ये गं, तू लाव. तुझ्या नवऱ्याला जन्मात कधी म्हशीला दावं बांधता आलं नाय, ह्ये काय जमतंय."

प्रतिभाने हसू दाबत सासूच्या पदराला माईक लावला. लावून झाल्यावर तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खिडकीकडे बघत होता. झुंबरबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही. गणेशवाडीच्या फूलबाजारात चाळीस वर्षं पाटी घेऊन बसलेली बाई ती. गिऱ्हाईक नुसतं वाकलं की ते घेणार का हात लावून पुढे जाणार हे तिला कळायचं. पोराची बोटं थरथरतात आणि तो बायकोची नजर चुकवतो, याचा अर्थ लावायला शाळा लागत नाही. तिची भीती आणखी पक्की झाली.

आता भीती कशाची, ते सांगायला हवं. नवनाथ पाण्याच्या रंगांनी चित्रं काढतो. गंगेचे घाट, रामकुंडावरची छत्र्यांची गर्दी, धुक्यातली मखमलाबादची शेतं. त्यावर त्याचं नाव झालं, मुंबईला प्रदर्शनं झाली, आणि ड्रॉइंग मास्तरची बरी चाललेली नोकरी त्याने सोडली. तेव्हा झुंबरबाई महिनाभर त्याच्याशी बोलली नव्हती. "पाण्याचा धंदा केला माझ्या पोरानं, कागदावर टाकलं की वाळून जातं," असं ती गल्लीभर सांगायची; पण पाहुणे आले की दिव्याखाली टांगलेलं त्याचं चित्र मात्र स्वतःच्या पदराने पुसायची. पुढे पंचेचाळिशीत त्याला कॅमेऱ्याचं वेड लागलं. चित्रं काढणाऱ्या म्हाताऱ्या माणसांवर तो फिल्म्स करायला लागला. पहिली पंचवटीतल्या लहानू मास्तरांवर. मास्तर चार महिन्यांत गेले. दुसरी पेठकडच्या आक्काबाईवर, जी भिंतींवर तांदळाच्या पिठाने लग्नाची चित्रं काढायची. त्या फिल्मला कोलकात्यात बक्षीस मिळालं, ते घ्यायला आक्काबाई राहिली नाही. तिसरी सिनेमाचे मोठे फलक रंगवणाऱ्या झिपरू पेंटरवर. झिपरू तर फिल्म दाखवायच्या आधीच गेला.

"म्हातारी माणसं असतात आई, जायची वेळ झालेलीच असते. म्हणून तर घाई करतो," नवनाथ म्हणाला होता.

ते पटण्यासारखं होतं. तरी तिन्ही फिल्म्स झुंबरबाईने हॉलमधल्या टीव्हीवर बसून पाहिल्या होत्या आणि त्याची पद्धत तिला पाठ झाली होती. आधी तो घरच्या माणसांना बोलतं करतो, मग त्या माणसाला खुर्चीत बसवतो, आणि सगळ्यात शेवटी कॅमेऱ्यात त्याचे हात घेतो. नुसते हात, मांडीवर ठेवलेले, बराच वेळ. हात झाले की फिल्म संपली. आणि झुंबरबाईच्या हिशेबाने, हात झाले की माणूसही.

गेल्या महिन्यात शेवंतीच्या वाफ्यात तिला चक्कर आली होती. गंगापूर रोडच्या दवाखान्यात तीन फेऱ्या झाल्या. रक्त काढलं, डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाला, काही नाही आजी, पाणी पीत जा. तिसऱ्या फेरीला नवनाथने तिला बाहेर बाकड्यावर बसवलं आणि तो एकटाच आत गेला. अर्धा तास. बाहेर आला तेव्हा हातात खाकी पाकीट होतं आणि चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा. पाकीट घरी आल्यावर वर चित्रांच्या खोलीत कपाटावर गेलं. आणि आठ दिवसांनी तो तिला म्हणाला, "आई, तुझ्याशी बोलायचंय. कॅमेऱ्यासमोर."

झुंबरबाईने विचारलं नाही. विचारलं की उत्तर येतं.

तिने दुसरीच युक्ती काढली. फिल्म पुरी होऊच द्यायची नाही. आज तिसरा दिवस होता आणि ती अजून त्याच्या पहिल्या चित्रापर्यंतसुद्धा आली नव्हती.

"आई, मी पहिलं चित्र कधी काढलं, ते सांग ना."

"सांगते. आधी त्या वर्षी आपली कपिला गाय व्यायली होती, ते सांगते."

"कपिला काल झाली."

"काल तिचं दूध झालं. वासरू राह्यलंय."

प्रतिभा तोंडाला पदर लावून जिना उतरून गेली. नवनाथ तीन पायांच्या घोड्यावरच्या कॅमेऱ्यामागे तसाच उभा राहिला. पूर्वी तो कॅमेरा खांद्यावर घेऊन आक्काबाईच्या मागे डोंगर चढला होता. यावेळी त्याने तो घोड्यावरून उचललाही नव्हता. आईच्या फिल्मला कशाला मेहनत, असं म्हणून झुंबरबाईने ते सोडून दिलं होतं.

"आई," तो हळू म्हणाला, "बरं, गोष्टी राहू दे. आज उजेड चांगला आहे. आज तुझे हात घेऊ या."

झुंबरबाईने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नाय."

"दोनच मिनिटं."

"हात काय बघायचेत माझे? काटे टोचून टोचून काळे पडलेत. म्हशीचे खूर बरे त्याच्यापरीस."

"म्हणूनच हवेत. ह्या हातांनी मला वाढवलं."

"ह्या हातांनी तुला बडवलंय पण. ते घे की आधी."

तो हसला नाही. खिडकीतला उजेड त्याच्या एका गालावर पडला होता आणि झुंबरबाईला एकदम दिसलं की पोरगा म्हातारा झालाय. दाढीत पांढरं, डोळ्यांखाली काळं. आईच्या काळजीने खंगला, असं तिला वाटलं. तरी हात पदराखालून निघाले नाहीत. शहात्तर वर्षं जगून झाली होती. मेलं म्हणजे मेलं, असं ती चारचौघांत शंभरदा म्हणाली होती. आणि आता कोणी नुसते हात मागितले तर ती ते लहान पोरासारखे लपवत होती. त्याची तिला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती मोठी होती.

कॅमेऱ्यातून टुक टुक आवाज आला.

"बॅटरी गेली," तो म्हणाला. "खाली चार्जिंगला लावलीय दुसरी. आणतो. हलू नकोस."

जिन्यावर त्याची पावलं वाजली. कठड्याला धरून उतरत होता. झुंबरबाई चित्रांच्या त्या खोलीत एकटी राहिली.

खोली उत्तरेच्या खिडकीची. टेबलावर रंगांच्या वड्यांचा पत्र्याचा डबा, ब्रश आणि लोणच्याची काचेची बरणी. बरणी तिचीच, कैरीचं लोणचं संपल्यावर त्याने ढापलेली. रंगाचं पाणी मोरीत ओतायचं नाही, हा घरचा नेम. पोरगा लहान असताना पाणी कालव्यावरून डोक्यावर आणावं लागायचं, तेव्हा तिनेच घालून दिलेला. घरात नळ येऊन तीस वर्षं झाली तरी रोज संध्याकाळी ती बरणी खाली नेऊन परसातल्या कढीपत्त्याच्या मुळाशी ओतायची. "निळी कढी होईल एक दिवस," असं प्रतिभा म्हणायची.

झुंबरबाईने कपाटाकडे पाहिलं. पाकिटाचं खाकी टोक वरून डोकावत होतं.

ती खुर्चीवर चढली नाही, इतकी वेडी नव्हती. दाराआडची काठी घेऊन तिने पाकीट पुढे ओढलं आणि ते पायाशी पडलं. तिने ते उघडलं. लिहिलेलं सगळं इंग्रजीत. दुसरीतून शाळा सोडलेल्या बाईला त्यात काय कळणार. पण आकडे तिला सगळ्या लिपीतले कळत होते, बाजाराने शिकवले होते. नावाखाली वयाचा आकडा होता. चोपन्न.

तिने बोट ठेवून पुन्हा पाहिलं. पाच आणि चार. तिचं वय नव्हतं ते.

मागच्या कागदावर चित्र होतं. चित्र कसलं, जिलबी. मधून सुरू होऊन गोल गोल बाहेर येणारी एक रेघ, पेनाने काढलेली, बैलगाडी खडीवरून चालावी तशी खडखडत गेलेली. शेजारी तशीच दुसरी, पहिलीपेक्षा वाकडी. डॉक्टरने कुणा लहान पोराला गप्प बसवायला कागद दिला असावा, असं तिला पहिल्यांदा वाटलं. मग तिला खालची सही दिसली. ती सही तिला वाचावी लागली नाही. भिंतीवरच्या प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात ती होती, शेपटी लांब ओढलेला 'न'. इथे शेपटी तीन ठिकाणी तुटली होती. हात किती हलतो ते बघायला डॉक्टरने त्यालाच रेघा काढायला लावल्या होत्या.

झुंबरबाई खाली बसली, फरशीवरच.

माईक दोनदा निसटला होता. कॅमेरा घोड्यावरून उतरला नव्हता. आणि बरणी. तिने वर पाहिलं. बरणीतलं पाणी स्वच्छ होतं, प्यायच्या पाण्यासारखं. कालही तसंच होतं. महिनाभर तसंच होतं, आणि ती रोज ते निर्मळ पाणी नेऊन कढीपत्त्याला घालत होती. कॅमेऱ्याच्या नादात चित्रं बंद आहेत, एवढाच विचार करून.

आधी घरच्या माणसांना बोलतं करायचं. मग त्या माणसाला. म्हणजे घरचं माणूस ती होती, आणि खुर्चीत बसायचं होतं ते त्याला.

तीन दिवस ती जी भीती पोटाशी धरून बसली होती ती जागची हलली. गेली मात्र नाही. मोठी झाली आणि तिला अंगात ठेवायला जागा पुरेना. स्वतःच्या मरणाला ती चार शिव्या देऊ शकली असती. याला काय द्यायचं?

जिन्यावर प्रतिभाचा आवाज आला, "थांबा, मी धरते," आणि त्याचा, "नको, येतं मला."

झुंबरबाई उठली. कागद पाकिटात घातले, पाकीट वर टाकून काठीने होतं तिथे सरकवलं, टोक बाहेर राहील असं. टेबलाशी आली. त्याच्या ब्रशांना तिने जन्मात हात लावला नव्हता. त्यातला जाडसा उचलला, पाण्यात बुडवला, निळ्या वडीवर खसाखसा घासला आणि बरणीत ढवळला. पाण्यात निळा धूर पसरला. मग थोडा तांबडा, थोडा हिरवा. पाणी बाजार उठल्यानंतरच्या गंगेसारखं झालं. ब्रश बरणीतच सोडून ती खुर्चीत येऊन बसली आणि पदर नीट केला.

नवनाथ आत आला. हातातली बॅटरी त्याने कॅमेऱ्यात घालायला घेतली, ती खाचेत बसेना. झुंबरबाई खिडकीतून शेवंतीकडे बघत राहिली. बराच वेळ खट आवाज आला नाही. मग आला.

त्याने मान वर केली तेव्हा त्याची नजर टेबलावर गेली. तो बरणीकडे बघत उभा राहिला. मग कपाटाकडे पाहिलं. मग आईकडे. तिची बोटं निळी होती आणि यावेळी ती पदराखाली नव्हती.

खालच्या रस्त्यावरून भाजीचा टेम्पो हॉर्न वाजवत गेला.

"आई," तो म्हणाला. "हात घेऊ?"

"नाय. हात एवढ्यात कुणाचेच घ्यायचे नायत. माझेबी नाय आन् दुसऱ्या कुणाचेबी नाय. चालू कर ते तुझं. काय विचारत होतास?"

त्याने बटण दाबलं.

"पहिलं चित्र."

"हां. तू सहा वर्षांचा होतास. मी दारात झेंडूच्या माळा करत होते आन् तू खाली सांडलेली फुलं फरशीवर चुरडली. चुरडली ती चुरडली, वरनं माझ्या प्यायच्या तांब्यातलं पाणी ओतलं. आन् बोटानं काढत बसला. मी म्हणलं काय केलंस रे मुडद्या, तर म्हणाला, गंगा. पिवळीधम्मक गंगा. मी दोन ठेवून दिल्या."

"ते आठवतं मला."

"तुला मार आठवतो. पुढचं तुला ठाऊकच नाय, तू रडून झोपला होता." तिने कॅमेऱ्याच्या काचेत थेट पाहिलं, पहिल्यांदाच. "ती फरशी मी पुसायला बसले. फडकं ओलं केलं. आन् मग..."

तिचा हात पदरावरच्या माईककडे गेला.

"मग?"

"मग उद्या."

"आई."

"उद्या म्हणलं ना. आन् उद्याबी पुरं व्हायचं नाय. लय मोठं हाय ते, तुला काय वाटलं, दोन मिनिटांत आटपंल?"

तिने माईक स्वतःच काढून त्याच्या तळहातावर ठेवला आणि तो तळहात आपल्या दोन्ही हातांत मिटून धरला, हलायचा थांबेपर्यंत. थांबायला वेळ लागला. मग ब्रश टेबलावर काढून ठेवून ती बरणी घेऊन जिना उतरली. गढूळ पाणी कढीपत्त्याच्या मुळाशी ओतलं, बरणी नळाखाली विसळली, काठोकाठ भरून परत वर आणली आणि टेबलावर होती तिथे ठेवली.

ब्रशचं टोक पिंजारलं होतं. लहानपणी तो ते ओठांत धरून सरळ करायचा, आणि विष पोटात जाईल म्हणून ती त्याला त्यासाठी किती बोलली होती. झुंबरबाईने ब्रश उचलला, टोक ओठांत धरून सरळ केलं, आणि बरणीशेजारी, त्याच्या उजव्या हाताला, ठेवून दिला.