अकरा दिवसांचं गणित

मेहुण्याला मी मारलं ते भर दुपारी, प्रयोगशाळेत, चारचौघांच्या देखत.

पुलाच्या तुळयांना तडा कुठे जाईल, याचं गणित मी दूरच्या शहरातल्या एका मोठ्या कॉम्प्युटरवर लावलं होतं. अकरा दिवस ते चालू होतं. माझ्या टेबलावरच्या मशीनवर त्याची काळी खिडकी उघडी असायची. ती बंद झाली की तिकडचा प्रोग्रॅमही मरणार, म्हणून मी टेबलाजवळ कुणाला फिरकू देत नसे. जेवून आलो तर खिडकी गायब, आणि माझ्या खुर्चीत बायकोचा धाकटा भाऊ. आमच्या सगळ्या मशीनची देखभाल त्याच्याकडेच होती.

"तू बंद केलंस?"

"हो दाजी, मशीन रीस्टार्ट करायचं होतं. पण तुमचं..."

पुढचं मी ऐकलंच नाही. कीबोर्ड उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. बटणं उडाली. तो खुर्चीसकट आडवा झाला.

"दाजी, ऐका तरी!"

मी त्याच्या छातीवर बसलो आणि ठोसे लगावत सुटलो. तिसऱ्या की चौथ्या ठोशाला जबडा कट्कन वाजला. त्यानंतर त्याला बोलता येईना. फरशीवर रक्तात एक दात पडला होता, तो मला स्वच्छ दिसत होता, तरी माझा हात थांबेना. शेवटी वॉचमनने मानगूट धरून मला मागे खेचलं.

मेहुणा टेबलाला धरून उठला. एका हाताने जबडा सावरत त्याने शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या लॅपटॉपवरून त्या दूरच्या कॉम्प्युटरमध्ये प्रवेश केला, दोन शब्द टाइप केले आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

माझा प्रोग्रॅम चालू होता. खिडकी बंद करण्याआधी त्याने तो तिच्यापासून सोडवून ठेवला होता. आता मी लॉगआउट केलं काय नि इथली वीज गेली काय, त्याला फरक पडणार नव्हता.

"अहो, हेच सांगत होता तो," बाई म्हणाल्या.

पोलिसांनी विचारलं, जुनं वैर होतं का? मी नाही म्हणालो. मग का मारलंत? मी म्हणालो, त्याने खिडकी बंद केली.

गणित त्यानंतर चौथ्या दिवशी पूर्ण झालं. तोवर मला कामावरून काढलं होतं. मेहुण्याचा जबडा तारेने बांधलाय. बायकोचा फोन आला.

"सहा आठवडे त्याला स्ट्रॉनेच पाजायचंय. मी इथे माहेरीच राहतेय. तुम्ही येऊ नका."