शंभर दिवसांचं पथ्य

जावाच्या पंचांगातला क्लिवोन शुक्रवार पस्तीस दिवसांतून एकदा येतो, आणि त्या दिवशी सुंबरवातूच्या टेकडीवर म्बाह गिमुन या म्हाताऱ्या मांत्रिकाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसते. त्या शुक्रवारीही नव्हती. माणसं पेरूच्या झाडावर चढून बसली होती, आणि सगळ्यांच्या नजरा पोनिमानवर खिळल्या होत्या.

हा पोनिमान सहा वर्षं लाकडासारखा झाला होता. पाय घासत चालायचा, तोंडातून लाळ गळायची, चेहऱ्यावरची माशीसुद्धा उडवायचा नाही. आज तो हात हलवत अंगणभर चालला, कॉफीचा पेला थेंबही न सांडता प्यायला आणि बहिणीकडे बघून चक्क हसला. वागियेमला रडू आवरेना. असं हसणारा भाऊ तिला सहा वर्षांनी दिसत होता.

म्बाहनं डोळे मिटून सांगितलं, की याच्या अंगात दोनशे वर्षांचा साग शिरला होता. मुळं पार गुडघ्यापर्यंत उतरली होती, ती आपण मंत्रानं एकेक करून उपटली. सागानं जाताना कशी गयावया केली, तेही त्यानं सागाच्या आवाजात करून दाखवलं. साग इतका बोलघेवडा असतो हे लोकांना त्या दिवशीच कळलं, पण हसलं कुणी नाही.

म्बाहची रीत ठरलेली होती. शुक्रवारच्या दहा दिवस आधी दवाखान्याच्या सगळ्या गोळ्या नदीत सोडायच्या आणि त्यानं फुंकलेलं पाणी प्यायचं. शुक्रवारी अंगणात हजर व्हायचं. पुढं शंभर दिवस पथ्य: खारी मासळी खायची नाही, नखं कापायची नाहीत, प्रेताला सामोरं जायचं नाही. आणि या शंभर दिवसांत पुन्हा म्बाहच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही, नाहीतर उपटलेला साग वाट ओळखून परत येतो.

पाचव्या आठवड्यात पोनिमानची झोप उडाली. तो छताच्या वाशाशी बोलू लागला. मग जेवेना. बहिणीनं भातात विष कालवलंय असं म्हणत एका दुपारी त्यानं कोयता उचलला, आणि मध्ये पडलेल्या आईचं मनगट कापलं गेलं. शेजाऱ्यांनी त्याला धरलं आणि बापजाद्यांपासून चालत आलेलं केलं. जाड ओंडक्याला भोक पाडून त्यात त्याचा उजवा पाय अडकवला आणि ओंडक्यासकट त्याला शेळ्यांच्या गोठ्यामागं ठेवलं. ओंडका सागाचाच होता.

वागियेमनं म्बाहकडं निरोप धाडला. उलट निरोप आला: मासळी कुणी खाऊ घातली? भाऊ भात खाईना म्हणून एकदा तिनंच चिमूटभर मासळी कुस्करून घातली होती.

दोन दिवसांनी आईचे टाके बघायला सरकारी दवाखान्यातल्या परिचारिका प्रिहातिन, ज्यांना सगळे आदरानं बू म्हणत, टेकडी चढून आल्या. आधी त्या गोठ्यामागं जाऊन पोनिमानला बघून आल्या.

"मासळी मी दिली, बू," वागियेम म्हणाली. "माझ्या हातानं दिली."

"मासळीनं माणसं वेडी झाली असती, तर अख्खा किनारा आज ओंडक्यात असता. चोर सोडून संन्याशाला फाशी नको देऊस." बू ओट्यावर टेकल्या. "तो लाकडासारखा झाला होता ना, ते आजारानं नव्हे, आमच्या गोळीनं. गोळी थांबवली की तो ताठरपणा थोड्या दिवसांत उतरतो. पण गोळीनं दाबून धरलेला मनाचा आजार वर यायला आठवडे लागतात. मधले ते दिवस माणूस बरा झालेला दिसतो. नेमक्या त्याच दिवसांत तुझा म्बाह त्याला अंगणात नाचवतो."

"मग अशी गोळी दिलीतच कशाला?"

बूंनी मान खाली घातली. "दर महिन्याला तीच पुडी बांधून देत होते. लाळ का गळते, हे एकदाही विचारलं नाही. तेव्हाच गोळी बदलायला हवी होती. ही चूक आमची आहे, वागियेम."

वागियेमला ते पटलं, पण पुरतं नाही. दवाखान्याचं माणूस म्बाहबद्दल चांगलं कशाला बोलेल? मात्र ती होती काढेवाली. हळद-चिंचेच्या काढ्याच्या बाटल्या पाठीवर बांधून अकरा गावं पायी फिरायची, आणि काढेवालीला कुठल्याही घरात थेट चुलीपर्यंत वाट असते. पोनिमानच्या आधीच्या क्लिवोन शुक्रवारी म्बाहनं ज्यांना बरं केलं होतं, त्या आठ जणांची घरं तिनं गाठली. पाच जण ओंडक्यात होते. एक घर सोडून गेला तो परतला नव्हता. एक बाई बरी होती. तिच्या नवऱ्यानं गोळ्या नदीत सोडल्याच नव्हत्या, भीतीपोटी गुपचूप देत राहिला होता. आठव्या घरची पोर पुन्हा बिघडली होती. तिथल्या म्हातारीनं वागियेमला मागच्या विहिरीपाशी नेलं आणि ती म्हणाली, "पोरीची नखं मीच कापली गं. फार वाढली होती." वागियेमनं तिथंच बाटल्या उतरवल्या आणि ती म्हातारीजवळ बसून रडली. ती एक बरी बाई सोडली, तर प्रत्येक घरात कुणीतरी असंच स्वतःला दोष देत बसलं होतं. म्बाहला दोष देणारं एकही घर नव्हतं.

त्यानंतर आलेल्या क्लिवोन शुक्रवारी ती बूंना घेऊन अंगणात गेली. आज एका तरुण मुलीच्या अंगातला खडक निघायचा होता. वागियेम गर्दीतून पुढं झाली.

"म्बाह, शंभर दिवसांनंतरही बरा असलेला एक माणूस दाखवा. गोळ्या सोडलेला."

म्हातारा हसला. "पथ्य मोडलं की माझा इलाज नाही."

"आठ घरं फिरून आले मी. पथ्य मोडलं नाही असं एक घर नव्हतं. असं पथ्य घालताच कशाला? मोडावं म्हणूनच ना? आणि अंगणात परत येऊ नका म्हणता, ते त्यांना कुणी बघू नये म्हणून."

बूंनी गोळी थांबल्यावर आधी काय उतरतं आणि मागाहून काय वर येतं, ते सोप्या शब्दांत सांगितलं. काही जण उठून गेले. बरेचसे बसून राहिले. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं परतणं जड जातं. पण त्या मुलीची आई बूंच्या जवळ आली आणि तिनं विचारलं, "गोळ्या सोडून दहाच दिवस झालेत. उशीर झाला का?"

"नाही. आत्ताच दवाखान्यात चला."

पोनिमानच्या बाबतीत उशीर झाला होता. डॉक्टरांनी त्याला जुनीच गोळी आधी कमी मात्रेत पुन्हा दिली. तो शांत झाल्यावर नवी गोळी थोडी थोडी चढवली आणि जुनी तशीच हळूहळू उतरवली. काही आठवडे दोन्ही सोबत चालल्या. बू दर आठवड्याला येऊन विचारत: झोप लागते का, आवाज ऐकू येतात का, लाळ गळते का, पाय जड वाटतात का? बघायला गर्दी जमावी असं यात काहीच नव्हतं. या उपचाराच्या दहाव्या आठवड्यात ओंडका फोडला. पाय वाळून काठी झाला होता. पोनिमान आता लंगडतो, आणि आईच्या मनगटाकडं बघायचं टाळतो.

म्बाह गिमुनचं अंगण अजून भरतं, थोडं कमी. तुमच्या गावातही असं एखादं अंगण असेल. गोळीचा त्रास होत असेल तर दवाखान्यात जाऊन भांडा, बदलून मागा, पण स्वतःच्या मनानं एका दिवसात बंद करू नका. आणि कुणी बरा झाला असं ऐकलंत, तर अंगणात टाळ्या वाजवू नका. शंभर दिवस थांबा आणि त्याच्या घरी जाऊन बघा.