माझ्या पोटातला भुसा

मित्रांनो, मी एक जुना टंबलर आहे. पाणी प्यायचा नव्हे, पितळ घासायचा. प्लास्टिकचा एक मोठा पिवळा वाडगा, खाली मोटर आणि वर पारदर्शक झाकण, एवढाच माझा देह. माझ्या पोटात भुसा भरायचा, त्यात काळवंडलेले पितळ सोडायचे आणि प्लग लावायचा. मग मी थरथरत राहतो, भुसा फिरत राहतो आणि पितळ उजळते. आज मी कॅल्गरीतल्या एका गॅरेजमध्ये जाड पिशवीत बांधलेला पडून आहे. या घरातली लहानगी ऊर्मी चुरूचुरू बोलायची. आता तिला शब्द सापडत नाहीत. ते माझ्यामुळे कसे घडले, तेवढे ऐका.

माझा मालक जयदीप. मूळचा नागपूरचा, इथे तेलाच्या कंपनीत इंजिनियर. मित्र क्षितिज त्याला एकदा नेमबाजीच्या क्लबात घेऊन गेला आणि पठ्ठ्याला नादच लागला. उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या तो दह्याच्या डब्यांत भरून घरी आणी. त्या पुन्हा भरून वापरता येतात, पण आधी आतबाहेर स्वच्छ कराव्या लागतात. त्यासाठी मला आणले.

माझ्या पोटात काय घालायचे, यावर मात्र बराच खल झाला. मक्याच्या बुरकुंडांचा, म्हणजे दाणे काढलेल्या कणसांचा, भरडा मऊ. पितळाला चकाकी छान येते, पण काम रेंगाळते. अक्रोडाच्या टरफलांचा चुरा खरखरीत. काजळी झटपट काढतो, पण धूळ फार. क्षितिजला दोन्ही पसंत नव्हते.

"अरे, ओला टंबलर घे. स्टीलच्या पिन्स, पाणी आणि थोडा डिश सोप. भुशासारखा ड्राय मीडिया डस्टी असतो, आणि त्या डस्टमध्ये लेड असतं."

"आणि विंटरमध्ये ओल्या पुंगळ्या सुकवू कुठे? ते काळं पाणी वॉशरूममध्ये ओतलं तर यामिनी मलाच बाहेर ओतेल."

"मग निदान गॅरेजमध्ये कर. भुसा चाळताना तर बाहेरच जा."

"मायनस थर्टीला? तू ये चाळायला!"

दोघेही हसले. क्षितिज खरे तेच सांगत होता. पुंगळीच्या बुडाशी प्रायमर नावाची टिकली असते. ती फुटली की शिशाची बारीक राख आत राहते, आणि मी पुंगळी घासली की ती राख माझ्या भुशात उतरते. तो भुसा वेळच्या वेळी टाकून द्यायचा असतो. जयदीपने अक्रोडाचा चुरा निवडला, मला बेसमेंटमध्ये घर तापवणाऱ्या फर्नेसशेजारी बसवले, आणि भुसा काळा पडला तरी त्यात चमचाभर पॉलिश घालून तोच चालवला. मला विचारणार कोण? मला काय, जे पोटात पडेल ते मी फिरवतो.

या देशात घरभर गरम हवेचे पत्र्याचे पाइप असतात. त्यांतून वरच्या मजल्यावरचे बोलणे मला जसेच्या तसे ऐकू येई. त्याच पाइपांतून माझी धूळ वर जात होती.

गणपती तोंडावर आले होते. यामिनी, म्हणजे जयदीपची बायको, सिंकपाशी देवाची भांडी घासत होती.

"हात बघ माझे. चिंचेनं नुसती आग होतेय."

"आण इकडे. पितळ ते पितळ. खाली टंबलर कशाला ठेवलाय मग?"

"शी! त्या गोळ्यांच्या भुशात देवाची भांडी घालायची?"

"अगं, अक्रोडाची टरफलं आहेत ती. एकदम नॅचरल."

समई, ताम्हन, पंचपात्र आणि नैवेद्याची इवलीशी वाटी, सगळे माझ्या पोटात आले. बाहेर निघाले तेव्हा नव्यासारखे लखलखत होते. जयदीपने फर्मान काढले, "कोणी पाणी लावू नका हं. डाग पडतील. कोरड्या फडक्यानं पुसा फक्त." पुंगळ्यांना हाच नियम होता, म्हणून भांड्यांनाही लागू झाला. आरतीला आलेल्या बायकांनी भांडी हातात घेऊन घेऊन पाहिली. त्यांतल्या अस्मिताने दुसऱ्याच दिवशी आपली समई आणून दिली. खरे सांगतो, माझी छाती फुगली होती. पुंगळ्यांचे कौतुक कोण करणार? आपण देवाच्या कामी आलो, असे मला वाटले.

जयदीप-यामिनीच्या लेकीला, ऊर्मीला, त्या वाटीने वेड लावले. "गोल्ड वाटी! माय गोल्ड वाटी!" असे ओरडत ती घरभर नाचायची. देवासमोरची वाटी तिच्या ताटात आली आणि दहीभात रोज त्याच वाटीत होऊ लागला. चमक जरा उतरली की पोर हट्ट धरी, आणि जयदीप लाडाने वाटी खाली आणून पुंगळ्यांबरोबर फिरवायला लावी. मग फडक्याने पुसून तिच्या हातात देई. बापाच्या मायेत काही कमी नव्हते हो.

थंडीत वरून रडणे ऐकू येऊ लागले. तिचे पोट दुखे. ती जेवेना, दहीभात तेवढा खाई. यामिनीने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. डॉक्टरांनी आधी रक्त कमी म्हणून लोहाचे औषध दिले. मग जिन्यावर एकदा यामिनी हळूच म्हणाली, "जयदीप, ती आधी पूर्ण सेंटेन्स बोलायची रे. आता नुसतं बोट दाखवते. तुला जाणवतंय का?"

त्याला जाणवत होते. दोघे पुन्हा डॉक्टरांकडे गेले. या वेळच्या रक्ततपासणीत शिसे निघाले, तेही खूप.

मग आरोग्य खात्याची एक बाई बेसमेंटमध्ये आली. तिने गालिच्यावरून, फर्नेसवरून आणि माझ्या काठावरून ओल्या कापडाने धूळ टिपून घेतली. "व्हॉट मीडिया डू यू यूज?" तिने विचारले. जयदीपने सांगितले. "एनिथिंग एल्स गो इन हिअर?"

जयदीप माझ्याकडे बघत राहिला. यामिनी वर गेली आणि वाटी घेऊन आली. तिच्या काठाला सकाळचा दहीभात वाळलेला होता. शिसे सोडवून घेणारे आंबट दही, त्या वाटीत, रोज. बाईने हातमोजे घातले आणि वाटी पिशवीत टाकली.

यामिनीने तिथेच उभ्याउभ्या फोन लावला. "अस्मिता, ती समई आधी घराबाहेर काढ. मग सगळं सांगते." फोन ठेवून ती खाली बसली आणि रडली. जयदीपने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने झटकला.

ऊर्मीला दवाखान्यात ठेवून औषधे दिली. रक्तातले शिसे उतरले. पण डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितले, जे नुकसान झाले ते किती भरून येईल याची खात्री देता येत नाही. गालिचे फाडून काढले, पाइप धुऊन घेतले. "क्षितिज सांगत होता मला," जयदीप जिन्यावर बसून म्हणायचा.

मित्रांनो, माझ्यासारख्याला घरी आणाल तर माझ्या पोटात काय घालता ते नीट निवडा. पिन्स आणि पाणी घ्या. हिवाळ्याची सबब सांगू नका. कोरडा भुसा वापरायचाच असेल तर माणसे राहतात त्या घराच्या छपराखाली मला ठेवू नका, आणि ज्यात कोणी जेवणार ते भांडे मला कधीही देऊ नका. देवाची भांडी चिंचेने घासा, भरपूर पाण्याने धुवा. हातांची आग थोड्या वेळाने थांबते.

उद्या मला घातक कचऱ्याच्या केंद्रावर नेतील. तपासून परत आलेली वाटी आज जयदीपने माझ्याच पोटात ठेवली. तो पिशवीचे तोंड बांधत असताना ऊर्मी दारात येऊन उभी राहिली. तिने वाटी पाहिली, हात पुढे केला.

"माय..." ती म्हणाली.

जयदीप थांबला. पुढचा शब्द येईल म्हणून वाट बघत राहिला.

"माय..."

त्याने पिशवी बांधली.